पथ्याचा उत्तरार्ध

जयपूरच्या तिलक नगरात दिवसाचा आरंभ चालणाऱ्यांपासून होतो. उन्हाळ्यात साडेपाचच्या सुमारास, आणि डिसेंबर-जानेवारीच्या बोचऱ्या थंडीत कानटोप्या व शाली लपेटून तासभर उशिरा, घरांची फाटके किरकिरतात आणि माणसे रस्त्यावर येतात. कोणी राजस्थान विद्यापीठाच्या आवारातील झाडांखालून फेऱ्या घालतो, कोणी जवाहरलाल नेहरू मार्गाच्या रुंद पदपथाने मोती डुंगरीच्या गणपतीपर्यंत जाऊन, बाहेरूनच हात जोडून परततो. जवळच्या राजा पार्क आणि आदर्श नगर या भागांत फाळणीनंतर आलेली पंजाबी व सिंधी कुटुंबे स्थिरावली. त्यामुळे इथल्या पहाटेत ढूंढाडीच्या जोडीने पंजाबी कानावर येते, आणि नोकरीच्या निमित्ताने येऊन इथेच राहिलेल्या एखाद्या घरातले मराठीही.

वस्तीचे नाव त्या मराठी कानाला परके वाटत नाही. इकडे ‘टिळक’चा ‘तिलक’ होतो, एवढेच. आणि नाव ऐकले की लोकमान्यांच्या चरित्रातली एक गोष्ट आठवावी, असे हे पहाटेचे दृश्य असते. १८७३ साली टिळक डेक्कन कॉलेजात दाखल झाले तेव्हा त्यांची प्रकृती किरकोळ होती. पहिले वर्ष त्यांनी अभ्यास जवळजवळ बाजूला सारून व्यायामात आणि पोहण्यात घालविले, आणि पुढच्या खडतर आयुष्याला पुरेल असे शरीर कमावले. ‘शरीर कमावणे’ हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळला आहे की त्यातले ‘कमावणे’ कोणी वेगळे ऐकत नाही. वस्तुतः त्या शब्दात सगळा हिशेब आहे. कमाई ही खर्च टाळून होत नाही. बाहेरून काही घरात यावे लागते. व्यायामाने शरीर झिजते. ते पुन्हा बांधले जाते अन्नाने. नुसता व्यायाम करून कोणी शरीर कमावल्याचे ऐकिवात नाही.

तिलक नगरातल्या या चालणाऱ्यांत एक मराठी गृहस्थ डोळ्यांपुढे आणावा. वय साठीच्या अलीकडेपलीकडे. चण बारीक. चालण्याचा वेग मात्र असा की बरोबरीचे लोक मागे पडतात. रोज आठ किलोमीटर चालण्याचा नेम त्याने वीस वर्षे मोडलेला नाही. या गृहस्थाचे पोट मात्र तितकीच वर्षे त्याच्याशी भांडत आले आहे. जेवण झाले की पोट तडस लागल्यासारखे फुगते, कधी दिवसातून चार वेळा बाहेर जावे लागते, कधी आठवडाभर सारे सुरळीत चालून अचानक बिनसते. अशा पोटाशी माणूस जो तह करतो तोच त्याने केला. त्याने एकेक पदार्थ सोडला.

आधी मिरची गेली. मग चहा गेला. मग तुरीची डाळ, हरभरा, उडीद गेले. दुधाने पोट गुडगुडते म्हणून दूध गेले, आणि त्याच्या पाठोपाठ दही. तेलकट म्हणून शेंगदाणे गेले, जड म्हणून तूप गेले. प्रत्येक वेळी दोन-चार दिवस बरे वाटे आणि निर्णय योग्य ठरल्याची खात्री पटे. मग पोट पुन्हा बिघडे आणि पुढच्या आरोपीचा शोध सुरू होई. अखेरीस ताटात राहिले दोन फुलके, मुगाचे पातळ वरण, थोडा भात, दुधीची भाजी आणि पाण्यासारखे ताक. पट्ट्याला आतल्या बाजूने नवे भोक पाडावे लागले. चढावर धाप लागू लागली. चालण्याचा नेम मात्र त्याने सोडला नाही, कारण आता स्वतःविषयी अभिमान वाटावा असे तेवढेच एक उरले होते.

या सर्व काळात त्याचे कौतुकच होत होते, ही यातली खरी गोम आहे. जेवणावर संयम ठेवणाऱ्या माणसाविषयी या देशात आदर असतो. लंघनाला परम औषध मानणारी, एकभुक्त राहणाऱ्याला नमस्कार करणारी ही परंपरा आहे. पथ्य म्हणताच काय वर्ज्य याचीच यादी लोकांना आठवते. परंतु शास्त्रकारांनी पथ्याचा अर्थ एवढा आखूड केलेला नव्हता. वाग्भटाने पोटाचे दोन भाग अन्नाला, एक भाग पातळ पदार्थांना आणि एक भाग वायूला मोकळा ठेवावा असे सांगितले, तेव्हा त्याने अतिभोजनाला बांध घातला हे सर्वांना माहीत आहे. पण त्याच नियमाप्रमाणे ते दोन भाग अन्नाने भरलेलेही असावे लागतात, हे क्वचितच कोणाच्या ध्यानात येते. आयुर्वेदात मात्रेचा विचार आहे, आणि मात्रा दोन्ही बाजूंनी चुकू शकते. अल्पाशनाने बल आणि वर्ण घटतो, हेही त्याच ग्रंथकारांनी नोंदविले आहे.

आजच्या भाषेत हीच गोष्ट आकड्यांनी सांगता येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांसाठी जी कोष्टके दिली त्यांत ६५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाकाठी २,११० उष्मांक लागतात असे म्हटले आहे. मध्यम श्रम करणाऱ्याला २,७१० लागतात. म्हणजे खुर्चीतून उठून अंगमेहनतीच्या जीवनात पाऊल टाकायचे, तर रोज सुमारे ६०० उष्मांकांची तरतूद करावी लागते. तिलक नगरातल्या त्या ताटाची बेरीज १,२०० च्या पुढे जाणे कठीण. वजन कमी असल्याने त्याची गरज कोष्टकापेक्षा काहीशी कमी धरली, तरी रोजची तूट मोठीच राहते. ती शरीर आपल्या गंगाजळीतून भरते. आधी चरबीतून, मग स्नायूंतून. चालण्याने कमावलेले असे चालता चालताच खर्ची पडत असते.

या शहरापासून अजमेरच्या वाटेवर सुमारे शंभर किलोमीटरवर किशनगढ आहे. १९५९ च्या मार्चच्या आरंभी अमेरिकेतले मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांच्या पत्नी कोरेटा तिथे एका पायी चालणाऱ्या माणसाला भेटायला आले होते. तो माणूस मराठी होता. विनोबा भावे तेव्हा ६३ वर्षांचे होते, आणि १९५१ पासून भूदानासाठी गावोगाव चालत होते. पहाटेच्या अंधारात कंदिलाच्या उजेडात यात्रा निघे आणि रोज साधारण दहा-बारा मैलांचा पल्ला होई. त्याच वर्षी पुढे काश्मिरात त्यांनी सुमारे १३,५०० फूट उंचीवरून पीर पंजालची रांग पायी ओलांडली. हे सारे करणाऱ्या माणसाच्या पोटात जुना व्रण होता. भाकरी-भाजीचे जेवण त्यांना सोसत नसे. दही, दूध, मध अशा मोजक्या पदार्थांवर, थोड्या थोड्या वेळाने थोडे थोडे घेऊन ते चालत राहिले. १९६४ साली पवनारला परतेपर्यंत या चालण्यात तेरा वर्षे गेली.

विनोबांची गणना संन्यस्त वृत्तीच्या माणसांत होते, त्यामुळे ते कमी जेवत एवढेच लोक लक्षात ठेवतात. परंतु त्यांच्या आहाराचे वैशिष्ट्य कमी असण्यात नसून मोजलेला असण्यात होते. याचा पुरावा ते बावीस वर्षांचे असतानाचा आहे. प्रकृती सुधारण्यासाठी आणि अध्ययनासाठी त्यांनी १९१७ साली गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेतली आणि वाईला प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी शिकायला राहिले. वर्ष संपत आले तेव्हा, फेब्रुवारी १९१८ मध्ये, त्यांनी गांधीजींना जे सविस्तर पत्र लिहिले त्यात उपनिषदे आणि गीता यांच्या बरोबरीने शरीराचाही जमाखर्च आहे. आधी रोज दहा-बारा मैल चालणे, नंतर रोज सहा-आठ शेर दळण दळणे, आणि सध्या तीनशे सूर्यनमस्कार, असा व्यायामाचा क्रम त्यांनी कळविला. मीठमसाला कायमचा सोडल्याचे लिहिले. आणि मग लिहिले की एक महिना केवळ केळी, लिंबू आणि दूध यांवर राहून पाहिले, त्याने अशक्तपणा आला. म्हणून सध्याचा आहार असा: दूध ६० तोळे, २० तोळे ज्वारीच्या दोन भाकरी, केळी चार-पाच, आणि मिळाल्यास एक लिंबू.

हा तपशील नीट वाचण्यासारखा आहे. वीस तोळे ज्वारी म्हणजे अदमासे २३० ग्रॅम, साठ तोळे दूध म्हणजे ७०० ग्रॅम. आजच्या हिशेबाने त्या आहाराची बेरीज केळ्यांसह १,७०० उष्मांकांच्या आसपास जाते. एका किरकोळ बांध्याच्या तरुणाला ती जेमतेम पुरावी. परंतु महत्त्वाची गोष्ट आकड्यापेक्षा वेगळी आहे. केळी, लिंबू आणि दूध हा आहार अधिक सात्त्विक, अधिक त्यागाचा होता. कोणी त्यात तप पाहिले असते. विनोबांनी त्यात अशक्तपणा पाहिला, तो लिहून काढला, आणि ताटात ज्वारीच्या दोन भाकरी वाढून घेतल्या. त्याग करणाऱ्याने वजन-मापाचा काटा हाती ठेवावा, ही गोष्ट त्यांना इतक्या लवकर उमगली होती.

त्यांच्या गुरूला त्याच वर्षी ती महागात शिकावी लागली. १९१८ च्या उन्हाळ्यात खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना गांधीजी दिवसाला वीस-वीस मैल चालत होते, आणि त्यांचा आहार मुख्यतः भुईमुगाचे लोणी आणि लिंबू एवढाच होता. पोट बिघडलेलेच होते. एका सणाच्या दिवशी कस्तुरबांनी केलेली गोड लापशी आणि मूग खाण्याचे निमित्त झाले आणि आव इतकी विकोपाला गेली की ते मरणाच्या दारात पोचले. दूध न घेण्याचे व्रत त्यांनी १९१२ पासून पाळले होते आणि डॉक्टर दुधावाचून अंग भरणार नाही म्हणत होते. अखेर १९१९ च्या आरंभी मुंबईत, कस्तुरबांनी सुचविल्यावर, व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती असा अर्थ लावून त्यांनी शेळीचे दूध घेतले. ती तडजोड त्यांना जन्मभर सलत राहिली. व्रत मोडल्याचे शल्य खरे होते. पण ते मोडले नसते तर पुढची तीस वर्षे या देशाला मिळाली असती का, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

विनोबांचा काटाही नेहमी हाती राहिला असे नाही. वर्ध्याच्या आश्रमातील वर्षांत कामाचा भार आणि आहारातले प्रयोग यांनी शरीर उतरत गेले, आणि १९३८ साली त्यांचे वजन ८८ पौंडांवर, म्हणजे ४० किलोवर आले. गांधीजींनी हवापालटाचा आग्रह धरला. विनोबा कोणत्याही थंड हवेच्या ठिकाणी न जाता पाच-सहा मैलांवर पवनारला, धाम नदीकाठच्या जमनालाल बजाजांच्या बंगल्यात जाऊन राहिले. नदी ओलांडतानाच सर्व चिंता टाकून दिल्या, असे त्यांनी पुढे सांगितले. तिथे त्यांनी विश्रांती घेतली, आहार नीट घेतला, आणि कुदळ हाती धरून थोडे थोडे खणू लागले. वर्षाच्या आत वजन सुमारे ४० पौंडांनी वाढले. शरीर खालावल्यावर ते पुन्हा उभे करता येते, आणि त्यासाठी अन्न, श्रम व निश्चिंती ही तिन्ही एकत्र लागतात, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते. तेरा वर्षांची पदयात्रा त्या ४० पौंडांवर उभी होती, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त होणार नाही.

याचा अर्थ विनोबांचा भोजनपट कोणी जसाच्या तसा उचलावा असा मात्र नाही. त्या काळी व्रणावर दुधाचा उतारा डॉक्टरही देत. शिकागोच्या बर्ट्रम सिपी यांनी १९१५ साली मांडलेला तासातासाला दूध-साय देण्याचा उपचार जगभर कित्येक दशके चालला. दुधाने जळजळ घटकाभर शमते, पण मागाहून जठरात आम्ल अधिकच पाझरते, हे पुढे कळले. आणि अशा व्रणांपैकी बहुतेकांच्या मुळाशी एक जंतू असतो, हे तर ऑस्ट्रेलियात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ पासूनच्या कामातून दाखविले. त्यांना २००५ चे नोबेल मिळाले. आज तो व्रण बहुधा पंधरवड्याच्या औषधांनी बरा होतो. पदार्थांची यादी काळाबरोबर आणि शरीरागणिक बदलते. टिकते ती पद्धत: काय सोसते ते पाहणे, किती लागते ते मोजणे, आणि अशक्तपणा आला तर त्याला पुण्य न समजणे.

तिलक नगरातल्या गृहस्थाकडे परत यावे. पट्ट्याचे दुसरे भोक पाडण्याची वेळ आली तेव्हा त्याने सोडण्यासाठी शेवटचा उरलेला पदार्थ निवडला होता: गहू. पत्नीने ताटाकडे पाहिले आणि इतकी वर्षे न बोललेले ती बोलली. “अहो, तुम्ही काय काय सोडलंत ते मला पाठ आहे. धरलंत काय, ते सांगा एकदा.” त्याला उत्तर सुचले नाही. ती पुढे म्हणाली, “गहू सोडायचा तर डॉक्टरांना विचारून सोडा. तोवर मी फुलके करणार आणि तुम्ही ते खाणार.”

तिचा हा हट्ट किती योग्य होता ते तिलाही ठाऊक नसावे. गहू, जव आणि राय या धान्यांतले ग्लूटेन ज्यांना सोसत नाही अशांचा सीलिअक नावाचा एक विकार आहे. उत्तर भारतात साधारण शंभरांत एकाला तो असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ता लागत नाही. रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडे आणि आतड्यातला कण तपासून तो ओळखतात. पण ही तपासणी गहू खात असतानाच करावी लागते. आधीच गहू सोडलेल्या माणसाच्या शरीरातून खुणा पुसल्या जातात आणि निदान हुकते. त्या गृहस्थाचे निदान हुकले नाही. वीस वर्षांपासून जो चोर तो शोधत होता, तो रोज दोन्ही वेळा त्याच्या ताटात फुलक्याच्या रूपाने बसलेला निघाला.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात, १९४४-४५ मध्ये, हॉलंडमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. विलेम डिके हे बालरोगतज्ज्ञ गव्हाविषयीचा आपला संशय त्याआधीपासूनच तपासत होते. इतर मुले उपासमारीने खंगत असताना या विकाराची मुले पावाच्या अभावी सुधारत आहेत, असे त्यांना दिसले. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या लवेसारखे सूक्ष्म अंकुर असतात. अन्नरस तेच शोषतात. या विकारात ती लव झडून मखमलीचे साधे कापड होते. मग खाल्लेले पुष्कळसे अंगी लागत नाही. रक्त कमी होते, हाडे ठिसूळ होतात, वजन घटते. आणखी एक गोष्ट घडते. दुधातली साखर पचविणारा पाचक रस याच अंकुरांच्या टोकाशी तयार होतो. ते झडले की दूधही बाधू लागते. म्हणजे त्या गृहस्थाने ज्या दुधाला हद्दपार केले होते ते निरपराध होते. गव्हाच्या गुन्ह्यासाठी दुधाला शिक्षा झाली होती; आणि शेंगदाण्यांना व तुपाला तर कसलाही पुरावा नसताना.

जयपुरात गव्हावाचून राहणे ही साधी गोष्ट नव्हे. इथली बाटी गव्हाची, चुरमा गव्हाचा, प्याजकचोरी आणि तीजेचे घेवर मैद्याचे. मराठी स्वयंपाकातही धोका अनपेक्षित जागी बसलेला असतो. फोडणीतल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. पण हाच प्रदेश बाजरीचाही आहे. देशात सर्वांत जास्त बाजरी राजस्थानात पिकते. बाजरीच्या पिठाची ताकात शिजविलेली राबडी म्हणजे मराठी आंबिलीची सख्खी बहीण. बाजरी, ज्वारी, मका, तांदूळ, राजगिरा यांत ग्लूटेन नाही. अडचण एवढीच की कोपऱ्यावरच्या चक्कीत आधी गहू दळला जातो आणि त्याच दगडांखाली मग बाजरी येते. तेवढे मिसळलेले पीठही आतड्याला पुरते. म्हणून त्या घरात एक घरघंटी आली. पहिल्या दिवशी तिच्या घरघरीत ज्वारी दळली जात असताना वाईच्या जात्यावर रोज सहा-आठ शेर दळणारा तो तरुण कोणाला आठवला असता तर ते वावगे ठरले नसते. स्वतःचे पीठ स्वतः दळणे एकाला व्रत म्हणून आले, दुसऱ्याला औषध म्हणून.

गहू गेला आणि पोट शांत झाले. इथे ही हकीकत संपावी अशी कोणाची अपेक्षा असेल. त्या गृहस्थाचीही होती. परंतु तीन महिन्यांनी वजनाचा काटा जेमतेम हलला होता. कारण त्याने पुन्हा तेच केले होते. एक पदार्थ सोडला होता आणि त्याच्या जागी पुरेसे काही धरले नव्हते. पोट दुखत नाही म्हणजे पोट भरते असे नव्हे. वीस वर्षे खाण्याची भीती बाळगलेल्या माणसाला भूक ओळखू येईनाशी होते. ताटावर बसताना त्याचा हात अजून आखडत होता. दुखणे गेल्यावरही भीती मागे राहते, आणि तिच्यावर औषधाची गोळी नाही.

तिच्यावर उपाय निघाला तो शाळेच्या एका जुन्या वहीत. पत्नीने डाव्या पानावर काय सोडले ते लिहिणे बंद करून उजव्या पानावर काय खाल्ले ते मापासह लिहायला सुरुवात केली. पहाटे चालायला निघण्यापूर्वी एक केळे. परतल्यावर वाटीभर राबडी. दुपारी दोन भाकरी, मऊ शिजविलेली डाळ आणि भाजी. चार वाजता मूठभर शेंगदाण्यांचा कूट गुळाबरोबर. दिवसभरात चार चमचे तूप, आणि आतड्याची लव परत येऊ लागल्यावर, काही महिन्यांनी, झोपण्यापूर्वी पेलाभर दूध. एका केळ्याचे १००, तीस ग्रॅम शेंगदाण्यांचे १७०, चार लहान चमचे तुपाचे १८०, पेलाभर दुधाचे १६५. या चार किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींची बेरीज ६०० च्या थोडी वर जाते. बैठ्या जीवनात आणि चालत्या जीवनात जे अंतर कोष्टकाने सांगितले होते, ते एवढेच होते. ते एका बैठकीत भरायचे म्हटले असते तर पोटाने बंड केले असते. दिवसभर पसरल्यावर ते कोणाला कळलेही नाही.

राजस्थानात पाहुण्याला आग्रह करण्याला ‘मनुहार’ म्हणतात. तो शब्द मराठीतल्या ‘आग्रहा’पेक्षा मऊ आहे; त्यात हट्टापेक्षा आर्जव अधिक. पथ्याच्या माणसाला मात्र तो काट्यासारखा बोचतो, कारण नकार दिला तर यजमानाचा मान जातो आणि स्वीकारला तर आपले आतडे. शेजारच्या मारवाडी घरी लग्न निघाले तेव्हा तो गृहस्थ खिशात राजगिऱ्याचे लाडू घेऊन गेला, आणि पंगतीच्या कडेला उभा राहिला. घरच्या वृद्ध काकीसांनी ते हेरले. “थे तो कुछ लियो ही कोनी,” असे म्हणून त्या तरातरा आत गेल्या. त्याने मनात नकाराची वाक्ये जुळविली. त्या बाहेर आल्या तेव्हा हातात बाजरीची रोटी होती; वेगळ्या तव्यावर भाजलेली, वर लोण्याचा गोळा, शेजारी गुळाचा खडा. त्याच्या पत्नीने आधीच कानावर घातले होते, आणि त्यांनी त्याच्यासाठी पीठही त्याच्याच घरघंटीवरून मागवून ठेवले होते. पथ्य पाळण्यात आजवर त्याला एकट्याने पंगत सोडावी लागली होती. त्या दिवशी पंगतीने त्याच्यासाठी जागा केली. त्याने एक रोटी खाल्ली आणि दुसरी मागितली. मनुहारीला इतक्या वर्षांत त्याने दिलेला तो पहिलाच होकार असावा.

विनोबांनी अन्न शेवटी सोडले. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेण्याचे थांबविले आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्या निर्णयाविषयी तेव्हाही मतभेद झाले आणि आजही होतील. परंतु त्या अखेरच्या आठवड्याची आठवण काढणाऱ्यांनी आधीची सहा दशके विसरू नयेत. दोन भाकरींची ज्वारी तोळ्यांत मोजून घेणारा, चाळीस पौंड वजन नेटाने कमावणारा, व्रणाच्या पोटाला दिवसभर थोडे थोडे भरवीत पर्वत ओलांडणारा हा माणूस होता. चालायचे होते तोवर त्यांनी शरीराला त्याचे देणे दिले. सोडणे त्यांना शोभले ते त्यामुळे.

ज्याला अजून चालायचे आहे त्याचा विचार निराळा. तिलक नगरात पहाटे फाटक किरकिरण्यापूर्वी एका स्वयंपाकघरात दिवा लागतो. केळ्याची साल सोलली जाते. पट्टा जुन्या भोकावर परत आलेला असतो. गृहस्थ बाहेर पडतो, आणि त्याच्या मागे टेबलावर वहीचे उजवे पान त्या दिवसाच्या पहिल्या ओळीनिशी उघडे राहते.